उभे राहणाऱ्यांचे पाय

शालेय शास्त्राच्या पुस्तकांतून रोहिणी आणि नीला ही दोन सुरेख नावे आपल्याला प्रथम भेटतात. हृदयाकडून निघते ती रोहिणी, हृदयाकडे परतते ती नीला. विद्यार्थिदशेत पाठ केलेला हा भेद चाळिशी ओलांडल्यावर आम्हां दोघींच्या पायांवरच उमटला. पोटरीच्या आतल्या बाजूने निळसर, गाठाळ शिरा नकाशातल्या नद्यांसारख्या वळणे घेत वर चढू लागल्या. डॉक्टर त्यांना व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. घरी ‘शिरा फुगल्यात’ एवढेच म्हणतात. आम्ही एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि वीस वर्षे उभ्यानेच शिकवत आलो आहोत. एकीच्या आईलाही हा त्रास होता. दुसरीचा दोन बाळंतपणांनंतर सुरू झाला. दोघींची संध्याकाळ मात्र सारखीच: पाय शिशाचे, घोटे सुजलेले, रात्री पोटरीत गोळे.

या दुखण्याचे मर्म एका लहानशा झडपेत आहे. फॅब्रिशियस या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने नीलांतील झडपांचे वर्णन १६०३ साली प्रसिद्ध केले. त्या रक्ताला हृदयाच्या दिशेनेच जाऊ देतात, हे त्याचा शिष्य विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये सिद्ध केले. पायातले रक्त वर चढवायचे काम पोटरीच्या स्नायूंचे. झडपांनी ते परत खाली येऊ द्यायचे नाही. माणूस निश्चल उभा असताना घोट्यापाशी नीलेतला दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत जातो. तोच माणूस चालू लागला की निरोगी पायात तो तिसऱ्या हिश्श्यावर येतो. म्हणजे श्रमाने पाय बिघडतात असे नव्हे. जागच्या जागी उभे राहण्याने त्यांच्यावर भार पडतो. झडपा सैल झाल्या की रक्त खाली साचते आणि शिरा ताणल्या जातात.

उपायांची वाण आम्हांला कधीच नव्हती. सासूबाईंनी कोमट तिळाचे तेल सुचवले, शेजारणीने मुलतानी मातीचा लेप, एका सहकाऱ्याने व्हिनेगरच्या पट्ट्या. आम्ही प्रत्येक उपायाला एकच प्रश्न विचारायचे ठरवले: याने रक्ताला वर जायला मदत होते का? तेलाने कोरडी, खाजणारी त्वचा मऊ होते, आणि मायेच्या हाताचे सुख तर वेगळेच. पण सैलावलेली झडप तेलाने घट्ट होत नाही, आणि गाठींवर जोराने चोळणे तर टाळावेच. गरम पाण्याच्या शेकाने शिरा उलट अधिक फुगतात. लेप आणि पट्ट्यांनी थंडावा मिळतो, तो वाळेपर्यंत टिकतो.

प्रश्नाला उतरले ते उपाय अगदी साधे निघाले. रोज अर्धा तास चालणे. फळ्यापाशी उभे असतानाही मधूनमधून टाचा उचलणे. वजन आणि बद्धकोष्ठता आटोक्यात ठेवणे. दिवसातून तीन वेळा पंधरा मिनिटे पाय छातीहून उंच ठेवून पडणे, आणि पलंगाच्या पायथ्याखाली एकेक वीट सरकवणे. दाब देणारे मोजे सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीच चढवावे लागतात. वैशाखात साडीखाली ते घालणे हे एक व्रतच आहे. रोहिणीतला रक्तप्रवाह मंद असेल तर हेच मोजे घातक ठरतात, म्हणून ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत.

या साऱ्याने दुखणे हलके होते. शीर पूर्ववत होत नाही. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१३ सालच्या मार्गदर्शनात मोज्यांना उपचारांत दुय्यम स्थान दिले आहे: आधी लेसरसारख्या उपायाने शीर आतून बंद करता येते का ते पाहावे. घोट्याजवळची कातडी काळवंडली, जखम भरेना, एकच पोटरी अचानक सुजून गरम झाली, तर घरगुती उपायांचे दिवस संपले असे समजावे. शीर फुटून रक्त आले तर आडवे व्हावे, पाय उंच करावा, घट्ट दाबून धरावे आणि तातडीने मदत मागवावी.

परंतु खरी अडचण पुढेच आहे. वरचे उपाय फुकट आहेत, त्यांना लागणारी मुभा मात्र फुकट नाही. प्राध्यापक-कक्षात खुर्चीवर पाय ठेवले आणि दारात कोणी ज्येष्ठ दिसले की पाय आपोआप खाली येतात. आपल्याकडे मोठ्यांसमोर पाय पसरणे हा उद्धटपणा, पुस्तकांच्या दिशेने पाय करणे हे पाप, आणि उभे राहणे हा आदर. आमचा देवही विटेवर उभाच. चूल जमिनीवर होती तेव्हा बाई बसून रांधत असे. ओटा आला आणि ती स्वयंपाकघरातही उभी राहिली. कॉलेजात पाच तास, ओट्याशी तीन. या हिशेबात पंधरा मिनिटांचे पडणे कुठे बसवायचे?

आणि आम्ही तर सुखवस्तू उभ्या. साड्यांच्या दुकानात दिवसभर घड्या उलगडणाऱ्या मुलींना, गिऱ्हाईक नसतानाही, कित्येक ठिकाणी बसता येत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने उभ्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय सांगितली होती. दुकानांना ती लागू नव्हती. केरळात कोळिकोडच्या दुकानांतील स्त्रियांनी त्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा २०१८ साली तेथील कायद्यात बसण्याचा हक्क आला. तामिळनाडूने २०२१ मध्ये तशीच तरतूद केली. एका स्टुलासाठी कायदा करावा लागतो, यावरून बसण्याची किंमत कळावी.

आम्ही मागितले ते इतकेच: वर्गात एक उंच स्टूल आणि परीक्षेच्या तीन तासांच्या पर्यवेक्षणात एक खुर्ची. स्टूल मिळाले. खुर्चीबद्दल ‘पर्यवेक्षक बसले तर शिस्त राहत नाही’ असे उत्तर आले. आम्ही पुन्हा अर्ज केला आहे, या वेळी वैद्यकीय कागद जोडून. बसून शिकवले तर तास पडतो अशी आमचीही समजूत होती. तसे काही झाले नाही. कविता बसूनही तेवढीच पोहोचते, आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाच्या डोळ्यांत डोळे घालून बोलता येते. आमच्या विभागातले दोन तरुण सहकारीही आता त्या स्टुलावर बसू लागले आहेत. त्यांच्या शिरा अजून नीट आहेत. तशाच राहाव्यात, म्हणून ते स्टूल आम्ही वर्गातून हलू देत नाही.