सात वर्षांचं अंदाजपत्रक

धाकट्या बहिणीचा फोन रात्री साडेनऊला आला. भांडी-कुंडी आवरल्यावरच ती फोन करते, म्हणजे बोलणं लांबणार हे ओळखलं. "दादा, पोरगी सिव्हिलच म्हणतेय. कॉम्प्युटरला नंबर लागत असताना. तू सांग, परवडेल का?"

अंदाजपत्रक काढणं हा माझा धंदा. तीस वर्षं लोक मला हेच विचारत आले. घराला किती जाईल, विहिरीला किती, शाळेच्या दोन खोल्यांना किती. दरसूची उघडायची, मोजमापं मांडायची, आकडा सांगायचा. पण भाचीच्या पदवीचा आकडा मागितल्यावर माझी जीभ अडली. "उद्या सांगतो," म्हणालो आणि वही घेऊन बसलो.

खर्चाची बाजू लिहायला वेळ लागला नाही. आमच्या भागातल्या बऱ्यापैकी खासगी कॉलेजची फी वर्षाला 1 लाख 10 हजार. चार वर्षांचे 4 लाख 40 हजार. खोली आणि मेस मिळून महिन्याला 7 हजार, वर्षाचे दहा महिने धरले तर चार वर्षांत 2 लाख 80 हजार. म्हणजे लॅपटॉप, ड्रॉइंगचं सामान, येणं-जाणं सोडूनच 7 लाख 20 हजार. भाचीच्या बाबतीत यातला मोठा भाग वाचतो. 8 लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना 2024-25 पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलं आहे आणि आमचं घर त्यात बसतं. विकास शुल्क, खोली, मेस मात्र भरावंच लागतं. तरीही मी मुलाचा हिशोब पुरा केला, कारण गल्लीतला एक पोरगा डोळ्यांसमोर होता. त्याने 5 लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलंय. दहा टक्क्यांनी, दहा वर्षांच्या मुदतीने हप्ता बसतो महिन्याला 6 हजार 600 च्या आसपास. हप्ता सुरू व्हायला सवलत असते, व्याज मात्र उचल केल्या दिवसापासून चढत राहतं.

आणि त्याचा पगार? 18 हजार. पुण्याजवळच्या एका साइटवर, सकाळी आठ ते रात्री स्लॅब संपेल तोवर. त्याच साइटवरचा गवंडी दिवसाला हजार रुपये घेतो. पंचवीस दिवस भरले की 25 हजार.

हा आकडा लिहिताना माझा हात थांबला. हीच ओळ माझ्या घरात एकदा लिहिली गेली आहे.

माझे वडील, तात्या, गवंडी होते. चौथी शिकलेले, पण ओळंब्याला त्यांचा हात असा बसलेला की भिंत बघूनच दोरी कुठे ढळली ते सांगायचे. मला कराडच्या सरकारी कॉलेजात थोड्या मार्कांनी प्रवेश हुकला. 1983 नंतर विनाअनुदानित कॉलेजं निघाली होती, त्यातल्या एकात नाव घातलं. फीसाठी अर्धा एकर गहाण पडला. 1994 साली पास होऊन पहिला पगार आणला तो 1,800 रुपये. तात्यांची हजेरी तेव्हा 90 रुपये होती, महिन्याला सव्वादोन हजारांच्या घरात जायची. त्यांनी माझा पगार मोजला, वहीत लिहिला आणि एवढंच म्हणाले, "अजून शिकतोयस तू."

त्या वाक्यात नेमका हिशोब होता, पण तो कळायला मला बरीच वर्षं लागली. आपण पदवी चार वर्षांची धरतो. सिव्हिलमध्ये ती सात वर्षांची असते. शेवटची तीन साइटवर जातात आणि त्यांचा खर्च कुठल्याच माहितीपुस्तिकेत छापलेला नसतो.

दीडशे वर्षांपूर्वी तसं नव्हतं. पुण्यात 1854 साली अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला तोच मुळी सार्वजनिक बांधकामांना हाताखालची माणसं हवी होती म्हणून. रस्ते, कालवे, पूल उभे राहत होते आणि माणसं कमी पडत होती. पुण्यातून 1883 मध्ये परीक्षा उत्तीर्ण झालेले विश्वेश्वरय्या पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. पदवीपाठोपाठ नोकरी आली आणि काम शिकायचं ते खात्याच्या पगारावर. खडकवासला धरणावर त्यांची स्वयंचलित दारं 1903 मध्ये बसली, म्हणजे परीक्षेनंतर वीस वर्षांनी. तेवढं थांबायची सोय त्या व्यवस्थेत होती. आता सरकारी कनिष्ठ अभियंत्याची वेतनश्रेणी 38,600 पासून सुरू होते, चांगली आहे, पण जागा मोजक्या आणि अर्ज करणारे हजारो. परीक्षेच्या तयारीत पोरांची दोन-तीन वर्षं अशीच जातात, तीही घरच्याच खर्चाने. बाकीच्यांना ठेकेदार शिकवतो आणि शिकवण्याची किंमत पगारातून कापून घेतो.

त्या तीन वर्षांत काय शिकतो माणूस? एक प्रसंग सांगतो. दुसऱ्याच वर्षी दुमजली घराचा स्लॅब होता, रस्त्याच्या बाजूला चार फुटांची गॅलरी बाहेर आलेली. गॅलरीत ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळई वर असावी लागते. हे मला परीक्षेत आलं होतं आणि त्याचे पूर्ण मार्क पडले होते. सकाळी सळई बघितली तेव्हा ती वरच होती. फिटरने खाली टेकू म्हणून चेअर मात्र दोनच लावल्या होत्या. माल पडायला सुरुवात झाली, घमेली घेऊन बिगारी त्याच सळईवरून ये-जा करू लागले. अकरा वाजता वाकून बघितलं तर सळई दबून पार खालच्या फळीला टेकलेली. तसंच काँक्रीट पडलं असतं तर सेंट्रिंग काढल्या दिवशी गॅलरी मोडून खाली आली असती. मी मिक्सर बंद करायला लावला. ठेकेदार सगळ्यांदेखत ओरडला, तासाभराची मजुरी कोण देणार म्हणून. एका म्हाताऱ्या फिटरने काही न बोलता सळईचे तुकडे वाकवून पंधरा चेअर केल्या आणि सळई उचलून बांधली. ती गॅलरी आजही उभी आहे, तिच्यावर तुळस आहे. त्या महिन्याचा माझा पगार 1,800 च होता. पुढचे दोन पगार त्या ठेकेदाराने बुडवले, ते मला कधीच मिळाले नाहीत.

पुस्तकातली ओळ आणि पायाखाली दबलेली सळई यांच्यातलं अंतर पार करायला तीन वर्षं लागतात. ती झाली की चित्र बदलतं. बिलं कळायला लागतात, मोजमाप पुस्तिका हातात येते, दोन साइट एकट्याने निभावता येतात. आठव्या वर्षी माझी मिळकत तात्यांच्या चौपट झाली. पदवी फळली, यात शंका नाही. पण आमच्या वर्गातले किती जण तिथवर पोचले? हातावर हप्ता आणि घरी लग्नाची बहीण असलेले पहिल्या दोन वर्षांतच बाहेर पडले. कुणी बँकेच्या परीक्षा दिल्या, कुणी विम्याचं काम धरलं, दोघे मस्कतला गेले ते मात्र याच धंद्यात राहिले. हुशार कमी नव्हते ते. त्यांना थांबता आलं नाही. मी थांबू शकलो, कारण दर महिन्याला गावाहून ज्वारीचं पोतं आणि तांदूळ यायचे आणि साठीच्या घरात आलेले तात्या परांचीवर चढत होते.

म्हणून फक्त पहिल्या पगाराकडे बघून सिव्हिल परवडत नाही म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. आणि पंधराव्या वर्षीचा पगार दाखवून पोरांना आत ओढणाऱ्यांचं त्याहून पटत नाही. दोघेही मधली वर्षं मोजत नाहीत. फी माफ होणं ही मोठी गोष्ट आहे, त्याने चार वर्षं हलकी झाली. पुढच्या तीन वर्षांची माफी कुणी काढलेली नाही. उलट समृद्धी महामार्गासारखी 701 किलोमीटरची कामं होत असताना साइटवर रात्र काढणाऱ्या नव्या पोराला गवंड्याहून कमी पैसे मिळतात, याचा मला राग येतो. इमारत उभी राहते ती त्याच्या जागरणावर.

दुसऱ्या दिवशी बहिणीला फोन केला आणि सगळं सांगितलं. चार वर्षांचे इतके, मग तीन वर्षं पोरीला महिन्याला पाच-सहा हजार घरून पाठवायची तयारी ठेवायची, सातव्या वर्षानंतर ती तुमच्याकडे मागणार नाही. दाजींशी बोलून घे, म्हणालो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पैशाचं कळलं रे. काढू काहीतरी. पण साइटवर बाईमाणसाला जायला जागा असते का?"

माझ्या वहीत ही बाब नव्हती. बांधकाम कामगारांसाठीच्या 1996 च्या कायद्याने शौचालयाची सोय बंधनकारक केली, हे मला तोंडपाठ आहे. पण डोळ्यांपुढे आली ती आमच्याच एका साइटवरची कनिष्ठ अभियंता. ती दुपारभर पाणी पीत नसे. आम्ही म्हणायचो, पोरगी काटक आहे. पुढे ती ऑफिसात बिलांच्या कामाला गेली, आणि तिला साइट झेपली नाही असं सगळे बोलले. मीही बोललो.

"बघून सांगतो," म्हणालो.

सकाळी साइटवर गेलो तो आधी सिमेंटच्या गोदामामागे. पत्र्याची एक खोली होती. दार होतं, पण कडी नव्हती, बांधणीची तार पिळून ठेवली होती. आत नळ नव्हता. खडी वाहणाऱ्या दोन बायका मला तिथं बघून मागे सरल्या. सेंट्रिंगच्या सुताराला हाक मारली, आतून-बाहेरून दोन कड्या बसवून घेतल्या, क्युरिंगच्या लाइनीतून अर्ध्या इंचाचा पाइप फोडून आत तोटी दिली आणि शेजारी बायकांसाठी दुसरी खोली आखून दिली. दुपारच्या जेवणाआधी काम संपलं. कड्या, पाइप, तोटी, सुताराचा अर्धा रोज, सगळं वहीत लिहिलं. हजाराच्या आत बसलं.

मग बहिणीला फोन लावला. "शनिवारी पोरीला पाठव," म्हणालो. "स्लॅब आहे. सकाळी सातला यायला सांग, आणि पाण्याची बाटली भरून आणायला सांग."