गाडीला उशीर झाला का?

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आमच्या घरी एक वाद हटकून रंगतो. इंदूरहून पुण्याला जावयाचे ते कसे? चिरंजीवांचा कल मोटारीकडे, सूनबाईंचा विमानाकडे, आणि आमचा, अर्थातच, आगगाडीकडे. सौभाग्यवती कोणत्याच पक्षात नसतात. कारण वाहन कोणतेही ठरो, दशम्यांचा डबा त्यांनाच भरावा लागतो. तीस वर्षे सरकारी शाळेत काढल्यामुळे स्वतःची बाजू लांबवून मांडण्याची आणि दुसऱ्याची अर्ध्यावर तोडण्याची सवय आम्हांस जडलेली आहे. त्यामुळे वादात आम्ही सहसा हरत नसू. 'नसू' हा भूतकाळ का, ते पुढे येईलच.

मोटारीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे प्रथम कबूल करतो. आपल्या दारातून निघावे, दुसऱ्याच्या दारात उतरावे. मध्ये हमाल नाही, रिक्षावाल्याशी हुज्जत नाही. आग्रा-मुंबई रस्त्याने मानपूरचा घाट उतरावा, खलघाटला नर्मदेचे दर्शन घ्यावे, सेंधव्यानंतर बिजासनच्या घाटात देवीला हात जोडावे, शिरपूरजवळ तापी ओलांडावी आणि धुळ्याला जेवावे. मनाला येईल तेथे थांबता येते, हे सुख थोडे नव्हे. परंतु ह्या सुखाची किंमत एकट्या चालकाला मोजावी लागते. बाकीचे डुलक्या घेत असताना तो बापडा बिजासनच्या वळणावर पुढच्या मालट्रकच्या मागील दिव्यांकडे डोळे लावून बसलेला असतो. चिरंजीव गाडी चालवीत असताना आम्ही नर्मदाही नीट पाहिलेली नाही. आमचे सारे लक्ष त्यांच्या पापण्यांवर!

विमानाचा मोठा गुण म्हणजे वेग. इंदूर ते पुणे सव्वा तासाची झेप. पण ह्या सव्वा तासाच्या अलीकडे दोन तास आणि पलीकडे दीड तास असतो, हे जाहिरातीत सांगत नाहीत. शिवाय विमानात प्रवास होतो असे आम्हांस वाटत नसे. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी आपली रवानगी होते, एवढेच. माळवा संपून निमाड केव्हा लागला, निमाड ओसरून खानदेश कोठे सुरू झाला, ह्याचा पत्ता नाही. ढगांना ना भाषा, ना भूगोल.

आणि आगगाडी! तिच्याविषयी बोलू लागलो की तासाची घंटा झालेली आम्हांस ऐकू येत नाही. इंदूरच्या माणसाला आगगाडीचा अभिमान वारशानेच मिळतो. १८७० साली महाराजा तुकोजीराव होळकर, दुसरे, ह्यांनी खंडवा-इंदूर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ दिले. रेल्वेने पुष्कळ संस्थानांना आपल्यामागे ओढले. येथे संस्थानाने रेल्वेला आपल्या गावी आणले. वादात हा हुकमाचा पत्ता आम्ही शेवटी टाकीत असू. त्यावर सूनबाई शांतपणे विचारीत, "नाना, पण ती गाडी वेळेवर येत होती का?"

त्याच लोहमार्गावर आमचे बाळपण गेले. आमची आक्का आमच्याहून दहा वर्षांनी मोठी. १९७९ साली ती लग्न होऊन पुण्यास गेली, आणि पुणे हे गाव आमच्या नकाशात आले. तेव्हाचा प्रवास असा : इंदूरहून अरुंद रुळांच्या गाडीने महू, पुढे पाताळपाणीचा धबधबा डोळ्यांत साठवीत बोगद्यांतून घाट उतरून काळाकुंड. तेथील फलाटावर पानावर मिळणारा कलाकंद ज्याने खाल्ला नाही, त्याला निमाडात उतरण्याचा अधिकार नाही, असे आमचे वडील म्हणत. मग बडवाह, मोरटक्क्याचा नर्मदेवरील पूल, सनावद आणि खंडवा. खंडव्यास रुंद रुळांची गाडी धरावयाची. भुसावळ, मनमाड, दौंड करीत पुणे. एका रात्रीत तीन प्रकारची मराठी आणि दोन प्रकारची हिंदी कानांवर पडे. भाषेच्या सीमा नकाशावर रेघेने दाखवितात तशा नसतात, एकीत दुसरी मिसळत जाते, हे एम. ए. च्या वर्गात शिकण्यापूर्वी आम्ही ह्या गाडीत शिकलो.

ह्या प्रवासातील मुख्य सोहळा म्हणजे नर्मदेचा पूल. खेडीघाट आला की आई प्रत्येकाच्या हातावर पाच पैशांचे एकेक नाणे ठेवी. आमचे नाणे पहिल्या खेपेस पुलावरच पडले आणि आम्ही भोकाड पसरले. तेव्हा आक्काने आपले नाणे आमच्या मुठीत दिले, मनगट धरले आणि म्हणाली, "हळू टाकलेलं पुलावरच राहतं, बाळू. पाण्याकडे बघ आणि जोरानं भिरकाव." ते नाणे पाण्यात पडलेले आम्ही पाहिले, निदान तसे अजून आठवते. आक्काच्या वाट्याचे पैसे मात्र त्या दिवशी नर्मदेला मिळाले नाहीत.

पुढे मार्ग बदलले. आता इंदूरहून पुण्यास जाणारी थेट गाडी उज्जैन, रतलाम, बडोदे, सुरत, वसई, कल्याण अशी गुजरातेला वळसा घालून जाते. रस्त्याने सहाशेच्या आत असलेले अंतर रुळांवरून नऊशे किलोमीटरहून अधिक भरते. दुपारी गाडीत बसावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरावे. आम्ही ह्या वळशाचेही कौतुक करीत असू. लवकर पोचून करावयाचे काय?

आता कबुली देण्याची वेळ आली. आक्काला यजमान जाऊन आठ वर्षे झाली होती. गेली दोन वर्षे तिची प्रकृती खालावत होती. दर रविवारी दूरध्वनीवर बोलणे होई, आणि शेवटी ती म्हणे, "एकदा येऊन जा ना रे." आम्ही म्हणत असू, "येतो. आरक्षण मिळू दे, चांगले आठ दिवस राहायला येतो." परंतु शाळाप्रमुखाला आठ दिवस मिळतात कोठे? आरक्षणाची मुदत उघडे तेव्हा रजेची खात्री नसे. रजा मंजूर होई तेव्हा प्रतीक्षा यादी शंभरावर गेलेली असे. कधी परीक्षा, कधी निवडणुकीचे काम, कधी मतदारयाद्या. चिरंजीव म्हणत, "शनिवारी मोटारीनं जाऊ, सोमवारी परत." आम्ही म्हणू, "ही काय भेट झाली?" सूनबाई म्हणत, "विमानानं सकाळी जा, दुसऱ्या दिवशी या." आम्ही ढगांना भूगोल नसतो, हे वाक्य ऐकवीत असू. वाक्य चांगले होते. पण त्याच्या आड दोन वर्षे निघून गेली, आणि आम्ही गेलो नाही.

गेल्या वर्षीच्या पौषात, संध्याकाळी सातच्या सुमारास, भाच्याचा दूरध्वनी आला. "मामा, डॉक्टर म्हणतात, ज्यांना भेटायचं असेल त्यांना बोलावून घ्या." त्या रात्री घरात वाद झाला नाही. सूनबाईंनी कोणाला काही न विचारता सकाळच्या विमानाचे तिकीट काढले. भाडे आमच्या नेहमीच्या शयनयानाच्या कित्येक पट होते. ते किती, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी आम्ही प्रथमच विमानात बसलो. तपासणीत आमच्या बटव्यातील अडकित्ता निघाला आणि तेथील तरुण शिपायाने तो नम्रपणे काढून घेतला. एरवी ह्या प्रसंगावर आम्ही एक लेख लिहिला असता. त्या दिवशी आम्ही फक्त विचारले, "विमान वेळेवर आहे ना?" सूनबाईंचा तो जुना प्रश्न आमच्या तोंडी आला होता.

विमान वेळेवर होते. खाली नर्मदा केव्हा गेली ते कळले नाही. साडेदहाला आम्ही आक्काच्या उशाशी होतो.

तिने डोळे उघडले, ओळखले. आवाज अगदी बारीक झाला होता. म्हणाली, "आलास? गाडीला उशीर झाला का रे?"

आम्ही म्हणालो, "हो आक्का. थोडा झाला."

"पुलावर पैसे टाकलेस ना?"

"टाकले."

शाळेत खोटे बोलणाऱ्या मुलांना आम्ही वर्गाबाहेर उभे करीत आलो आहोत. त्या सकाळी दोन वाक्यांत आम्ही दोनदा खोटे बोललो. की पहिले वाक्य खरेच होते? उशीर तर झाला होता. गाडीला नव्हे, आम्हांला. तिने हात पुढे केला, आमचे मनगट धरले आणि दुपारपर्यंत सोडले नाही. मधून मधून काही बोले : रामबागेतले घर, आईची पितळी चूल, काळाकुंडचा कलाकंद. चारच्या पुढे तिला शुद्ध राहिली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

ते पाच तास आम्हांस विमानाने दिले. त्या रात्री आगगाडी धरली असती, तिच्यात जागा मिळाली असती आणि ती वेळेवर पोचली असती, तरीही ते हाती लागले नसते. विमानाविषयी आम्ही जे काही बोललो आहोत, ते येथे जाहीरपणे मागे घेतो.

आक्काची इच्छा होती की तिच्या अस्थी नर्मदेत, माहेरच्या नदीत, विसर्जित व्हाव्यात. कागदपत्रे दाखवून त्या विमानानेही नेता आल्या असत्या. भाच्याने तसे विचारलेही. आम्ही म्हणालो, "आता घाई कशाची? हिला गाडीनं नेऊ." पुणे स्थानकावर दुपारी आम्ही दोघे मामा-भाचे गाडीत चढलो. कलश खाली टेकवावयाचा नाही, म्हणून खिडकीजवळच्या खुंटीला पिशवीत अडकविला. समोर एक गुजराती कुटुंब होते. त्यांनी काही विचारले नाही. मात्र त्यांच्यातील म्हातारीने आपल्या मुलांना गाणी बंद करावयास सांगितले, आणि जेवताना दोन ठेपले आमच्यापुढे ठेवून ती नुसती मान हलवून बसली. असा शेजार आगगाडीतच मिळतो. मोटारीत शेजारी नसतो; विमानात असतो, पण त्याच्याशी ओळख होण्याआधी उतरावयाची वेळ येते.

भाचा रात्री बोलू लागला. आईच्या शेवटच्या दोन वर्षांविषयी त्याने पहिल्यांदाच कोणाला सांगितले असावे. सुरत गेली तरी त्याचे संपले नव्हते. आम्ही ऐकत होतो. पुढच्या दहा तासांत आम्हां दोघांनाही कोठे जावयाचे नव्हते, म्हणूनच ते बोलणे झाले.

भरूचच्या अलीकडे गाडी नर्मदेच्या पुलावर आली. मोरटक्क्याची नर्मदा नव्हे, समुद्राजवळ येऊन रुंद झालेली, पण तीच. आम्ही खिशातून दोन नाणी काढली : एक आमच्या खोट्या उत्तरासाठी, एक ह्या आधीच्या, पंचेचाळीस वर्षे थकलेल्या बाकीसाठी. अंधारात पाणी दिसत नव्हते. पहिले नाणे पुलाच्या लोखंडावर खणकन वाजले. दुसरे जोराने भिरकावले. आवाज आला नाही. ते पोचले असावे.

इंदूरहून खेडीघाटाला आम्ही मोटारीने गेलो, कारण दुसरा मार्गच उरलेला नाही. रुंद रुळांच्या कामासाठी महू ते ओंकारेश्वर रोड ही अरुंद रुळांची गाडी २०२३ च्या प्रारंभी बंद झाली. चिरंजीवांनी सिमरोलपुढचा भेरूघाट इतक्या सावकाश उतरविला की मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या. परत येताना थकून आम्ही मागच्या आसनावर झोपी गेलो. चिरंजीवांच्या पापण्यांकडे लक्ष ठेवावयाचे भान राहिले नाही, आणि त्यांनी आम्हांस सुखरूप घरी आणले.

तेव्हा वाचकहो, ह्या वादाचा निकाल आम्ही आता असा देतो. कोणीतरी वाट पाहत असेल तर विमान. चार पावले आपल्या मर्जीने टाकावयाची असतील आणि चालविणारा जिवाचा असेल, तर मोटार. आणि बरोबरच्या माणसाशी पुरते बोलावयाचे असेल, किंवा काही बोलण्यासारखे उरलेच नसेल, तर आगगाडी. वाहन आवडीने ठरवू नये, कामाच्या निकडीने ठरवावे. आवड ही पुष्कळदा न जाण्याची सबब असते, हे आम्ही स्वतःवरून सांगतो.

इंदूर-मनमाड ह्या ३०९ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गास सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आहे. १८,०३६ कोटी रुपयांचे हे काम आहे. तो झाला की गुजरातेचा वळसा वाचेल आणि पुणे पुन्हा मनमाडवरून जवळ येईल. त्या गाडीतून आम्ही जाऊच. तोवर धाकटी बहीण नाशिकास आहे. गेल्या रविवारी ती म्हणाली, "दादा, ये ना एकदा." आम्ही आरक्षणाचे पाहिले नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर चिरंजीवांच्या मोटारीने निघून सोमवारी प्रार्थनेच्या वेळी शाळेत हजर झालो.