समजाविणें आणि मन वळणें

गेल्या महिन्यांत आमच्या नातीनें आपली इंग्रजीची वही आमच्यापुढें आणून टाकिली. 'आय पर्स्वेडेड हिम, बट ही डिड नॉट कम' या वाक्याखालीं तिच्या बाईंनीं तांबडी रेघ ओढिली होती. "आजोबा, व्याकरण तर बरोबर आहे, मग चूक कोठें?" अशी तिची तक्रार. 'मीं त्याला पुष्कळ समजाविलें, पण तो आला नाहीं' हें मराठी वाक्य निर्दोष आहे. म्हणूनच ही चूक आपल्या मुलांकडून सहज होते. परंतु 'पर्स्वेड' म्हणजे नुसतें समजाविणें नव्हे. समोरच्याचें मन वळून तो कृतीस प्रवृत्त झाला, तरच 'पर्स्वेडेड' म्हणावयाचें. एरवीं 'ट्राइड टु पर्स्वेड'. शिवाय या शब्दाच्या पोटांत लॅटिन 'सुआदेरे' आहे, आणि तें आपल्या 'स्वादु' शब्दाचें सगोत्र! (अशा सोयरिकी जुळविण्याचा आम्हांस नाद आहे, वाचकांनीं क्षमा करावी.)

हें सांगत असतां आम्हांस धानोरा तालुक्यांतील आमच्या नोकरीचे दिवस आठवले. मोहफुलांचा हंगाम आणि वार्षिक परीक्षा तिकडे एकाच सुमारास येत. एका हुशार मुलीस परीक्षेला बसवा, म्हणून तिच्या वडिलांस आम्हीं तासभर सांगितलें. दोन सुभाषितेंही ऐकविलीं. ते प्रत्येक वाक्याला "हो गुरुजी" म्हणत होते. आम्ही संतुष्ट होऊन परतलों. दुसरे दिवशीं मुलीची जागा रिकामी! पहाटे फुलें वेंचलीं नाहींत तर घरांत तेल-मिठाची बेगमी कशी व्हावयाची, हें आम्हीं त्यांना विचारलेंच नव्हतें. ती पुन्हां शाळेंत आली नाहीं.

त्याच तालुक्यांत मेंढा (लेखा) हें गोंड वस्तीचें गांव आहे. २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविणारें तें हेंच. तेथील ग्रामसभेचा निर्णय बहुमतानें नव्हे, सर्वसहमतीनें होतो. एकाचेंही मन वळलें नसेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. निवृत्तीनंतर एकदां त्या सभेंत आम्ही मागें बसलों होतों. बराच वेळ कोणीच बोलेना. विषय संपला, असें आम्हांस वाटलें. तेव्हां शेजारचे गृहस्थ हळूच म्हणाले, "त्या म्हातारीला अजून पटलें नाहीं, गुरुजी."

आमच्या बसची वेळ झाली, म्हणून आम्ही उठलों. सभा मात्र बसूनच होती.