दार किलकिले

महाबळेश्वरला लोक गारवा शोधत येतात. येथे राहणाऱ्यांना मात्र ऊब शोधावी लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० फूट उंची, वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरच्याही पुढे जाणारा पाऊस, आणि थंडीत वेण्णा तलावाच्या काठी गोठलेले दव. मॅल्कम पेठ १८२८-२९च्या सुमारास वसली, आणि पुढे येथे जांभ्या दगडाची घरे उभी राहिली. आमचे घरही त्याच घडणीचे.

जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि पार नाताळपर्यंत सोडत राहतो. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा घरातील ऊब लवकर बाहेर नेते. म्हणून वडील मे महिन्याच्या अखेरीस पश्चिमेची भिंत गवताने शाकारून घेत. लहानपणी मला त्या गवत पांघरलेल्या घराची लाज वाटे. कारभार हाती येताच मी गवत बंद केले आणि भिंतीला सिमेंटचा गिलावा करविला. दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याला बारीक चिरा पडल्या. त्यांतून पाणी आत शिरले. सिमेंटने मात्र ते बाहेर सुटू दिले नाही. आईच्या खोलीची भिंत उन्हाळ्यातही हाताला ओलसर लागू लागली.

त्या वर्षी आगमनकाळात कडाक्याची थंडी पडली. आईचा संधिवात बळावला. मी खिडक्यांच्या फटी कापडाने बुजवल्या, दाराखाली गोधडी सारली आणि कोळशाची शेगडी आत आणून ठेवली. खोली छान उबदार झाली. रोझरीच्या चौथ्या रहस्याला आईचे शब्द अडखळू लागले. तिला झोप आली असावी, असे मला वाटले; माझेही डोके जड झाले होते. तेवढ्यात धाकटी मुलगी चहाचे विचारायला आली आणि दार सताड उघडे ठेवून उभी राहिली. गार वारा आत आला. आम्ही वाचलो ते त्या वाऱ्यामुळे. धुमसत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, हे मी शाळेत वर्षानुवर्षे मुलांना शिकवीत आलो होतो!

नाताळनंतर कामाला लागलो. सिमेंट खरवडून काढले आणि भिंतीला श्वास घेता यावा म्हणून चुन्याचा गिलावा केला. गरम हवा वर जाते आणि कौलांच्या फटींतून निसटते. म्हणून कौलांखाली फळ्यांचे छत घातले. खिडक्यांच्या फटी नीट बुजवल्या, पण वरचा झरोका मोकळा ठेवला. कोळशाची शेगडी कायमची अंगणात गेली. आत विजेची आली. आणि पावसाळ्यापूर्वी पश्चिमेच्या भिंतीला पुन्हा गवत चढले. गोधडी स्वतः ऊब देत नाही, अंगाची ऊब राखते, गवताचेही तसेच. वडिलांना हे विज्ञान कोणी शिकविले नव्हते. त्यांनी फक्त भिंतीला हात लावून पाहिला होता.

आईने त्या रात्रीचा विषय पुन्हा कधी काढला नाही. नाताळच्या मिस्सेला ती माझा हात धरून होली क्रॉस चर्चला आली आणि परतताना नेहमीसारखीच बोलत होती. मात्र त्यानंतर रोज संध्याकाळी, रोझरीला बसण्यापूर्वी, ती दाराच्या फटीत लाकडाचा एक तुकडा अडकवून ठेवी. दार पुरते मिटू नये म्हणून.

आई गेली, त्याला बरीच वर्षे झाली. तो तुकडा अजून दाराशी आहे.