न विचारलेला प्रश्न

काही कलाकृती आपल्या नावातून जे वचन देतात ते पुरे करीत नाहीत आणि तरीही आपण त्यांच्यावर रुष्ट होत नाही. १९३७ साली हॉलिवुडमध्ये निघालेल्या ‘द ऑफुल ट्रूथ’ या चित्रपटाविषयी मला नेहमी असे वाटत आले आहे. नावाचा अर्थ ‘भीषण सत्य’. परस्परांच्या संशयापायी एक जोडपे विभक्त होते आणि अखेरीस पुन्हा एकत्र येते, एवढीच त्याची कथा. प्रेक्षक दीड तास त्या सत्याची वाट पाहत राहतो; पण पडद्यावर ‘समाप्त’ उमटते तेव्हाही ते त्याच्या हाती आलेले नसते. या जोडप्यापैकी कोणी, कुठे, काय केले हे आपल्याला निश्चितपणे सांगितले जात नाही आणि ते दोघेही एकमेकांना सांगत नाहीत. त्या न सांगण्याचे कोडे मला या चित्रपटाकडे पुनःपुन्हा घेऊन जाते.

आरंभ पाहा. जेरी वॉरिनर न्यूयॉर्कमधल्या एका क्लबात कृत्रिम प्रकाशाच्या दिव्याखाली अंग रापवून घेत आहे. फ्लॉरिडाला जातो असे त्याने पत्नीला सांगितले होते. तेव्हा तिथल्या उन्हाची खूण अंगावर दिसायला हवी. संत्र्यांची टोपली घेऊन आणि चार मित्रांना सोबतीला घेऊन तो घरी येतो, तो पत्नी घरात नाही. थोड्या वेळाने ल्यूसी येते, ती आदल्या रात्रीच्या पोशाखात आणि आर्मां नावाच्या देखण्या संगीतशिक्षकासह. गाडी वाटेत बंद पडली, म्हणून रात्र बाहेर काढावी लागली, असे ती सांगते. जेरी श्रद्धेवर आणि विश्वासावर व्याख्यान देऊ लागतो आणि नेमक्या त्याच वेळी ल्यूसीच्या हाती त्याने आणलेले एक संत्रे येते. त्यावर कॅलिफोर्नियाचा शिक्का असतो. मग शब्दाला शब्द लागतो आणि वकिलाला दूरध्वनी जातो. वकील पलीकडून विवाहाचे माहात्म्य समजावत असतो आणि मध्येच स्वतःच्या बायकोवर खेकसत असतो.

जेरी फ्लॉरिडाला गेला नव्हता, हे आपल्याला कळले. मग तो होता कुठे? हे मात्र अखेरपर्यंत कळत नाही. दिग्दर्शक लिओ मॅकेरी याने हे अनवधानाने सोडले असेल असे मानणे कठीण आहे. लॉरेल आणि हार्डी यांच्या विनोदी लघुपटांत मुरलेला हा माणूस. प्रसंगातला कोणता धागा उघडा ठेवायचा आणि कोणता बांधायचा, हे तो पुरते जाणत होता. मूळ नाटक आर्थर रिचमनचे, १९२२ सालचे. मॅकेरीने त्यातले फारच थोडे शिल्लक ठेवले आणि अनेक प्रसंग चित्रणाच्या दिवशीच, नटांच्या सोबतीने घडवले. लिहिलेली संहिता हाती नाही म्हणून कॅरी ग्रँट इतका धास्तावला की चित्रपटातून आपल्याला मोकळे करावे अशी त्याने निर्मात्यांकडे खटपट केली. ती फळली नाही, आणि पुढे ज्या भूमिकांनी त्याचे नाव झाले त्यांची वाट इथूनच निघाली. उत्कृष्ट दिग्दर्शनाचे ऑस्करही या चित्रपटाला मिळाले. पुढे काय होणार हे ठाऊक नसताना दुसऱ्यावर भिस्त ठेवणे हा या चित्रपटाचा विषय. त्याची घडणही तशाच भिस्तीवर झाली.

संशयाचे नाट्य मराठी वाचकाला परके नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी शेक्सपियरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ लिहिले, आणि फ्रान्समधल्या मोलिएरची एक प्रहसनकथा आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावाटे त्यांच्या हाती आली, तिचे ‘संशयकल्लोळ’ झाले. एकाच लेखणीने संशयाची शोकान्तिकाही मराठीत आणली आणि संशयाचे प्रहसनही. दोन्हींत पुरावा एखाद्या क्षुल्लक वस्तूचा असतो: एकीकडे रुमाल, दुसरीकडे तसबीर. ‘द ऑफुल ट्रूथ’मध्ये ती जागा हॅटने घेतली आहे. ल्यूसीच्या घरी आर्मांची हॅट राहते, जेरी ती आपली समजून डोक्यावर चढवतो, तर ती बसत नाही. घरातला कुत्रा ती लपवलेली हॅट नेमकी सर्वांसमोर आणून टाकतो. दोन पुरुष एकाच शयनगृहात लपतात, बाहेर तिसरा पुरुष आपल्या आईसह ल्यूसीची मनधरणी करीत बसलेला असतो. पुरावे वाढत जातात आणि प्रत्येक पुरावा भलतेच काही सांगतो.

साम्य मात्र इथेच संपते. ‘संशयकल्लोळ’मध्ये तसबिरीचा उलगडा होतो, फाल्गुनराव आणि कृत्तिका यांना खरी हकिकत कळते आणि संशय वितळतो. रुमालाचा उलगडा ऑथेल्लोलाही होतो, पण तेव्हा फार उशीर झालेला असतो. एक कथा हसवते, दुसरी रडवते. परंतु दोन्हींची समजूत एकच आहे की, वस्तुस्थिती कळली की मन निवळते. मॅकेरीचा चित्रपट हीच समजूत दूर सारतो. संशयी मनाला पुरावा पुरत नाही; एका प्रश्नाचे उत्तर मिळाले की त्यातून दुसरा प्रश्न फुटतो. मग असे मन निवळायचे कशाने?

याचे उत्तर चित्रपटाने एका प्रसंगात दिले आहे. ल्यूसी आर्मांच्या घरी आहे असे कळताच जेरी तिथे धडकतो. नोकराशी झटापट करून तो दार उघडतो आणि आत पाहतो, तो भरलेली मैफल. ल्यूसी श्रोत्यांसमोर उभी राहून गात आहे, आर्मां पियानोवर साथ करीत आहे. चोर पकडायला आलेला माणूस आता निमूटपणे मागच्या खुर्चीवर बसतो, ती खुर्ची मागे कलते, तो टेबलासकट कोसळतो आणि उठण्याच्या धडपडीत आणखी अडकत जातो. ल्यूसीचे गाणे अखेरच्या ओळीवर आलेले असते. तिला हसू आवरत नाही. पण सूर न सोडता ती ते हसू शेवटच्या स्वरांतच मिसळून टाकते. आयरीन डन स्वतः उत्तम गायिका होती, म्हणूनच हे इतके सहज जमले असावे. त्या एका हास्यात नवऱ्याचा संशय तिने ओळखलेला आहे, त्याची फजिती पाहिलेली आहे, आणि हा माणूस आपल्याला अजून हवा आहे हेही तिला उमगलेले आहे. त्याच्या अपराधाची चौकशी तिथे होत नाही, तशी त्याला क्षमा केल्याची घोषणाही होत नाही.

अमेरिकन तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हेल यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या आणि आणखी सहा चित्रपटांना ‘पुनर्विवाहाची सुखान्तिका’ असे नाव दिले. जुन्या सुखान्तिकेत तरुण जोडप्याला एकत्र येण्यासाठी बाहेरचे अडथळे ओलांडावे लागत. इथे अडथळा जोडप्याच्या आतच आहे आणि प्रश्न पुन्हा एकत्र राहण्याचा आहे. लग्न एकदा लागून भागत नाही, ते रोज नव्याने पत्करावे लागते, हा त्यातला आशय. त्या काळच्या कायद्याकडे पाहिले म्हणजे या आशयाला वेगळीच धार येते. न्यूयॉर्क राज्यात १९६६ च्या सुधारणेपर्यंत व्यभिचार हेच घटस्फोटाचे एकमेव कारण ग्राह्य होते. परिणामी ज्यांना केवळ वेगळे व्हायचे असे, तीही जोडपी हॉटेलच्या खोलीत खोटे पुरावे रचून घेत. ज्या शहरात लग्न मोडण्यासाठी बेइमानीचा पुरावा तयार करावा लागे, त्या शहरातली ही कथा न्यायालयात व्यभिचाराचा शब्दही काढत नाही. तिथे वाद होतो तो कुत्र्याच्या ताब्याचा, आणि ल्यूसी त्याचे आवडते खेळणे चोरून दाखवून तो जिंकते.

इथे मला माझ्या एका आत्याची आठवण येते. यजमान दूरच्या शहरी नोकरीला. वर्षातून दोनदा घरी येत. तिथे त्यांचे दुसरे काही आहे, अशी कुजबुज आमच्या लहानपणीही कानी येई. आत्याने त्यांना कधी काही विचारले नाही. ते आले की पुरणाचा बेत होई, गेले की त्यांचे कपडे ती धुऊन, घडी करून ट्रंकेत ठेवी. घरातले वडीलधारे तिच्या या न विचारण्याला विश्वास म्हणत आणि लेकीसुनांना तिचा दाखला देत. ती पंच्याहत्तरीला आली असताना आम्हा भाच्यांपैकी एकीने धीर करून विचारले, ‘‘आत्या, तुम्हाला कधी विचारावंसं नाही वाटलं?’’ आत्या शांतपणे म्हणाली, ‘‘उत्तर आलं असतं, तर ते घेऊन मी कुठे गेले असते गं?’’

ल्यूसीचे मौन आणि आत्याचे मौन वरवर पाहता सारखेच आहे. दोघींनीही प्रश्न मिटवून ठेवला. पण ल्यूसीने आधी वकिलाला दूरध्वनी केला होता. तिला मावशीचे घर होते, ओक्लाहोमाचा धनाढ्य डॅन लीसन तिच्याशी लग्नाला तयार होता, आणि न्यायाधीशाने तिला मोकळे होण्याची तारीखही दिली होती. एवढे सगळे हाताशी असताना ती परतते. जिला दार उघडे आहे, तिच्या थांबण्याला विश्वास म्हणता येते. जिला दारच नाही, तिच्या थांबण्याला त्याच नावाने गौरवणे ही आपल्या समाजाची जुनी लबाडी आहे. आपल्याकडे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाचे दार उघडले आणि १९७६ च्या दुरुस्तीने परस्परसंमतीने विभक्त होण्याची सोय केली. आत्याच्या घरापर्यंत यातले काही पोहोचले नाही. कायदा पुस्तकात असणे आणि माहेरची एक खोली रिकामी असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

चित्रपटाविषयीही एक तक्रार नोंदवली पाहिजे. त्याची समानता पूर्ण नाही. ल्यूसीच्या निर्दोषपणाची खात्री आपल्याला जवळजवळ करून दिली जाते. जेरीच्या बाबतीत तसे काही करण्याची गरज कोणाला वाटत नाही. पुरुषाचे कोडे गोड मानायचे आणि स्त्रीचे मात्र सोडवून दाखवायचे, ही त्या काळाची आणि १९३४ पासून काटेकोरपणे लागू झालेल्या हॉलिवुडच्या नीतिसंहितेची खूण आहे. कोडे जेरीचे न राहता ल्यूसीचे राहिले असते, तर प्रेक्षकाने तो शेवट तितक्याच आनंदाने स्वीकारला असता काय? हा प्रश्न मी सोडू शकत नाही.

असे असूनही त्या शेवटाची मोहिनी कमी होत नाही. घटस्फोटाच्या हुकुमाला न्यायाधीशाने नव्वद दिवसांची मुदत घातलेली असते. तिची अखेरची रात्र. मध्यरात्री विवाह कायद्याने संपणार. ल्यूसीच्या मावशीच्या डोंगरातल्या घरात दोघे शेजारशेजारच्या खोल्यांत आहेत. मधल्या दाराची कडी नीट लागत नाही. वाऱ्याने ते पुनःपुन्हा उघडते. भिंतीवरच्या घड्याळाला दोन इवली दारे आहेत. दर पंधरा मिनिटांनी त्यांतून एक बाहुला आणि एक बाहुली बाहेर येतात आणि पुन्हा आपापल्या दाराने आत जातात. जेरी आपण मूर्ख होतो असे कबूल करतो. फ्लॉरिडाचा विषय मात्र निघत नाही. बाराचे ठोके पडतात. दोन्ही बाहुली बाहेर येतात आणि या वेळी बाहुला आपले दार सोडून तिच्या दाराने आत जातो.

ते दार आतून लावलेले नव्हते. आणि ते लावायचे की नाही, हे तिच्या हातात होते.