दहा हजार हर्ट्झवरचं गोदाम

लातूरला मामांची आडत आहे. सोयाबीनच्या थप्पीच्या पोटात किती ऊब धरली, किती दमट झालं, हे बाहेरून कळत नाही. कळतं तेव्हा बुरशीचा वास आलेला असतो. ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की भाव पडतो तो वेगळाच. मी पडलो बी. कॉम., पण नांदेडला घरी रास्पबेरी पायशी खेळत असतो, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं.

घरच्या टेबलावर सगळं छान चाललं. एसएचटी३१ नावाचा सेन्सर, वीतभर तार. तपासणीची कमांड दिली की स्क्रीनवर आडव्या रेघांचा तक्ता यायचा आणि त्यात एके ठिकाणी ‘४४’, म्हणजे सेन्सरचा पत्ता. लातूरला पायचा डबा मुनीमजींच्या टेबलाशी, सेन्सर थप्पीत आणि मधे पंधरा मीटर नेटवर्क केबल. तिथं ४४ कधी दिसायचं, कधी नुसत्याच रेघा.

विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, “कामून लाखावर पळवायलास? दहा हजारावर आण की.”

इथं माझं डोकं फिरलं. पाय आणि सेन्सर ज्या आयटूसी बसवर बोलतात तिचे वेग मी वाचले होते: १,००,००० हर्ट्झ, ४,००,०००, १०,००,०००. दहा हजार कुठल्याच यादीत नव्हतं. असा मनाचा आकडा लिहून चालतो?

चालतो. फिलिप्सने १९८२ मध्ये काढलेल्या या बसचे प्रमाणित आकडे म्हणजे वरच्या मर्यादा आहेत. त्याखाली क्लॉक कितीही हळू ठेवा. ठोका पाय देतो आणि सेन्सर त्यामागून चालतो. अडचण तारेची असते. बसच्या दोन्ही तारा रेझिस्टर वर ओढतो, पायवर तो १.८ किलोओहमचा असतो. तार जितकी लांब तितकी तिची धारकता जास्त, आणि तितका व्होल्टेज वर चढायला वेळ. प्रमाणात बसला ४०० पिकोफॅरडची मर्यादा आहे. अशा केबलचे मीटरला साधारण ५० धरले तर आमचे झाले ७५०! ठोक्यांमधलं अंतर वाढवलं की चढायला उसंत मिळते.

कॉन्फिग फाइलमध्ये लिहायची ती एकच ओळ, आयटूसीच्या बॉडरेटपुढे १००००. किलोहर्ट्झ नाही, सरळ हर्ट्झ. ही ओळ डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये, ‘क्लॉक-फ्रिक्वेन्सी’ या नावानं जाऊन बसते. मला वाटलं होतं, ती सेन्सरच्या नोंदीत जाईल. ती कंट्रोलरच्या नोंदीत जाते. एसपीआय बसचं मात्र उलटं: तिथं प्रत्येक उपकरणाच्या नोंदीत त्याचा कमाल वेग लिहायचा. मित्रानं कारण सांगितलं तेव्हा जरा उजेड पडला. एसपीआयमध्ये एकेकाला वेगळी तार ओढून बोलावतात, त्यामुळे दरवेळी वेग बदलता येतो. आयटूसीमध्ये सगळ्यांच्या कानावर एकच ठोका पडतो, मग सगळ्यांत अडलेल्याच्या चालीनं चालायचं. आमच्याकडे अडलेली होती तार. हार्डवेअरच्या त्या वर्णनात मी चिपचा नाही, मामांच्या गोदामाच्या लांबीचा आकडा लिहिला होता, असं माझं मत. नवख्याला हे कुणी आधी सांगत नाही.

पाय पुन्हा सुरू केल्यावर ट्रीमधले चार बाइट उघडून पाहिले. आधी तिथं होते ०० ०१ ८६ ए०, म्हणजे एक लाख. आता होते ०० ०० २७ १०. सोळाच्या पायावर मांडलेले दहा हजार. लिहिलेला आकडा हुबेहूब मिळेलच असं नाही, हेही कळलं: ज्या मॉडेलांत कंट्रोलरचं घड्याळ २५० मेगाहर्ट्झवर चालतं, तिथं त्या घड्याळाला सम संख्येनंच भागतात. ४,००,००० मागितले तर भाजक ६२५ येतो, तो ६२६ होतो आणि पदरात ३,९९,३६१ पडतात. दहा हजाराला भाजक २५,०००, बरोबर सम.

४४ पुन्हा दिसलं आणि टिकलं. मामांना शंका, “हळू केलं म्हंजी आकडा उशिरा येतो का रे?” एका वाचनाला जेमतेम नव्वद ठोके, म्हणजे नऊ मिलिसेकंद. मामांना आकडा हवा दहा मिनिटांनी एकदा.

“मग पलीकडच्या थप्पीतबी एक टाक,” मामा म्हणाले. एसएचटी३१ला ४५ हा दुसरा पत्ता देता येतो. वेगाची नवी ओळ नको, तोही त्याच ठोक्यावर चालणार. केबल मात्र आणखी लागेल, आणि आकडा कदाचित त्याहून खाली आणावा लागेल.