शेजारी-शेजारी चालताना

गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरांनी आईला रोज चालायला सांगितलं, आणि आमच्या रस्त्याचा फूटपाथ मला पहिल्यांदा नीट दिसला. फूटभर उंच, आणि प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी तुटलेला. थोडं चालायचं, उतरायचं, गाड्यांसाठीचा उतार ओलांडायचा, पुन्हा चढायचं. मध्येच विजेची डीपी, पुढे लावलेल्या दुचाकी. आई शेवटी काठी टेकत रस्त्याच्या कडेनेच चालू लागली. मी तिच्या मागे, वाहनांवर डोळा ठेवून. बोलणं असं काही नाहीच. फक्त "सावकाश" आणि "थांब".

मग एका संध्याकाळी तिला रिक्षाने जंगली महाराज रस्त्यावर नेलं. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये रस्त्यांच्या रचनेचं धोरण ठरवलं आणि पुढे हा रस्ता नव्याने घडवला. फूटपाथ ऐसपैस झाले, जुनी झाडं जागच्या जागी राहिली, त्यांच्या सावलीत बाकं आली, मुलांना खेळायची साधनंसुद्धा. बालगंधर्व रंगमंदिरापाशी उतरून आम्ही डेक्कनच्या दिशेने निघालो. पहिल्या बाकापर्यंत पोचलो तेव्हा लक्षात आलं की मी आईच्या मागे नव्हतो, शेजारी होतो.

आणि आई बोलत होती. सत्तरच्या दशकात हा रस्ता तयार होत होता तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन पुण्यात आली होती. रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांची हमी देऊन बांधलेला रस्ता म्हणून त्याचं कौतुक आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. पण संध्याकाळी बाबांबरोबर ती इथे पायी यायची आणि घरात बोलता न येणारं सगळं चालताना बोलून घ्यायची, हे मला माहीत नव्हतं. दोन खोल्यांत सात माणसं राहत असताना त्या दोघांना एकांत मिळाला तो रस्त्यावर. शहराने माणसाला द्यायच्या गोष्टींत मी हे फार वर ठेवीन.

एवढी रुंदी सगळीकडे मिळणार नाही, हे मलाही कळतं. पण इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या सूचनांनी पादचाऱ्यांसाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी मागितली होती, आणि फूटपाथची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको म्हटलं होतं. काठीवाल्या माणसाला आणि त्याच्या सोबत्याला तेवढं पुरतं.

आता आमच्या सोसायटीत मी एकच मागणी लावून धरली आहे: गेटपाशी फूटपाथ सलग राहावा, चढउतार गाडीने करावा. गाडीचं पोट घासेल, अशी शंका काहींनी काढली. उतार थोडा लांबवला तर घासणार नाही, हे मी कागदावर मापं काढून दाखवलं. क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा अर्ज तयार आहे. त्यावर पहिली सही आईची आहे.